परातीतलं हेलिकॉप्टर

आमच्या घरात एक स्टीलची परात आहे. व्यास बेचाळीस सेंटिमीटर. तिच्या आतल्या काठावर दर दहा अंशांना मार्करची एक उभी रेघ आहे. अशा छत्तीस रेघा होत्या, घासून घासून आता वीस-एक उरल्यात. बायको त्याच परातीत कणीक मळते. नवीन पाहुणा रेघांबद्दल विचारतो तेव्हा ती म्हणते, "हेलिकॉप्टरच्या आहेत," आणि मळत राहते. पुढचं सांगायचं काम माझ्याकडे येतं.

सौदीतल्या राबिघला येऊन मला चौदा वर्षं झाली. पेट्रोकेमिकल कारखान्यात फिरत्या यंत्रांची देखभाल हे माझं काम: पंप, पंखे, कॉम्प्रेसर. खरं सांगायचं तर त्यांची बेअरिंगं. बेअरिंग किती गरम झालं, किती थरथरलं, त्यात शेवटचं तेल कधी आणि किती पडलं, याच्या नोंदींवर माझी चोवीस वर्षांची नोकरी उभी आहे. आमच्या धंद्यात एक नियम सर्वांत वर: यंत्राला हात लावलात तर लॉगबुकात लिहा. तारीख, काम, कोणी केलं, कोणाच्या परवानगीने. नट अर्धा फेरा आवळलात तरी लिहा. न लिहिलेली दुरुस्ती बिघाडापेक्षा वाईट, कारण बिघाड निदान दिसतो. नव्या पोरांना मी हे इतक्यांदा ऐकवलंय की ते माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवतात.

आमच्या मुलीच्या शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शन असतं. नववीत असताना तिने तेल शुद्ध करणाऱ्या मनोऱ्याची प्रतिकृती केली. केली म्हणजे मी केली. तिने रंग दिला. प्रमाण एकास शंभर, प्रत्येक नळी मोजून कापलेली. परीक्षकांनी तिला विचारलं, या एकाच नळीला कापूस का गुंडाळलाय? ती माझ्याकडे बघायला लागली. मी उत्तर दिलं. बरोबर दिलं. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते तिने घरात आणलंच नाही. दोन महिने ते गाडीच्या मागच्या सीटवर पडून होतं. वर्गातल्या मुली त्या मनोऱ्याला 'पापाज् प्रोजेक्ट' म्हणत होत्या, हे मला नंतर बायकोकडून कळलं.

दहावीच्या वर्षी तिने जेवताना जाहीर केलं, "बाबा, दिस इयर यू आर नॉट टचिंग इट. हात लावायचा नाही."

"सल्ला?"

"विचारला तर."

"मोजमापं?"

"बाबा!"

बायको म्हणाली, "अहो, हो म्हणा नुसतं. तेवढं एक जमतंय का बघा."

मी हो म्हणालो. दहावीनंतर ती पुण्याला आत्याकडे अकरावीसाठी जाणार हे ठरलेलं होतं. म्हणजे हे तिचं इथलं शेवटचं प्रदर्शन. या वेळी परीक्षकांसमोर जे काही उभं राहील ते तिचं असायला हवं होतं. मला ते पटलं होतं, आणि पटलेलं पाळता येतं अशी माझी समजूत होती.

विषय तिला फोनवर सापडला. जुन्या काळ्यापांढऱ्या फितीतलं एक हेलिकॉप्टर. त्याच्या पात्यांच्या टोकांना छोटी छोटी जेट इंजिनं लावलेली, आणि ती इंजिनं जाळ ओकत स्वतःच पाती फिरवताहेत. मागच्या शतकाच्या मध्याला बऱ्याच देशांत लोकांनी हे करून बघितलं होतं. नेहमीच्या हेलिकॉप्टरात इंजिन पोटात असतं. ते पाती एका दिशेला फिरवतं, त्यामुळे धड उलट दिशेला फिरायला बघतं. त्याला धरून ठेवायला शेपटीवर वेगळा पंखा लागतो. इंजिनच पात्याच्या टोकाला नेलं की धडावर हा उलटा पीळ येत नाही. जड गिअरबॉक्स गेला, शेपटीचा पंखाही गेला. कल्पना इतकी सुंदर की ती पुढे का टिकली नाही याचं वाईट वाटावं. टिकली नाही कारण आवाज असह्य आणि इंधनाची भूक राक्षसी. काहींनी टोकाला इंजिन न ठेवता पोकळ पात्यांतून दाबलेली हवाच टोकापर्यंत नेली. तशी एक जात फ्रान्समध्ये शंभरावर बनलीसुद्धा.

मला विचारलं नव्हतं, पण मी कागद घेऊन हिशेब केला. पातं चार मीटर लांब, टोकाचा वेग सेकंदाला दोनशे मीटर धरला, तर टोकाला लावलेली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या हजारपट जोराने बाहेर ओढते. पाच किलोचं इंजिन पाच टनांसारखं. मी तो कागद तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो वाचला, घडी केली, आणि म्हणाली, "नाइस. पण हे मी नव्हतं विचारलं."

तिचं यंत्र असं होतं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली हे धड. बाटलीच्या तोंडावर एक जोड: त्याच्या बाजूला टायरचा व्हॉल्व्ह, वर एक छोटा कॉक, आणि कॉकवर आमच्या वसाहतीतल्या हिरवळीवरच्या मोडक्या स्प्रिंकलरचं फिरतं डोकं. माळ्याने फेकून दिलेलं ते तिने मागून आणलं होतं. डोक्याला दोन पोकळ नळ्या, टोकांना एकमेकींच्या विरुद्ध वाकवलेल्या. बाटलीत हवा भरायची, कॉक उघडायचा. टोकांतून हवा सुटते, नळ्या गरगर फिरतात. स्प्रिंकलर पाण्यावर करतो तेच, हवेवर. बाटली थर्मोकोलच्या चकतीवर उभी, आणि चकती परातीतल्या पाण्यावर तरंगती. भटकू नये म्हणून परातीच्या तळाला मधोमध एक सुई चिकटवलेली. पाण्यावर कशासाठी? धड जरासुद्धा फिरलं तर दिसावं म्हणून. किती फिरलं ते मोजायला तिने परातीच्या काठावर रेघा आखल्या आणि बाटलीवर एक खूण केली.

व्हॉल्व्ह बसवायला ती रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानात गेली. तिथले चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, तीस वर्षं इथे आहेत. पायपंप आणि दाबाचा काटाही त्यांनीच दिला.

"हे काय बनवतेस गं पोरी?"

"हेलिकॉप्टर, चाचा."

चाचांनी बाटली उलटसुलट करून बघितली. "आणि शेपटाचा पंखा? बिनशेपटाचं म्हणजे गरगरून पडायचं की नाय?"

"नाही पडणार. तेच तर दाखवायचंय."

"बापाने सांगितलं?"

"बाबांना परवानगी नाहीये."

चाचा माझ्याकडे वळले. मी दारात उभा होतो. "काय सायब, कफील बदलला काय तुमचा?" म्हणाले. कफील म्हणजे ज्याच्या परवानगीवर इथे परदेशी माणसाची नोकरी चालते तो मालक. आणि चाचा इतके हसले की जॅकवरची गाडी तशीच ठेवून बाकावर बसले. मग तिला म्हणाले, "हवा बत्तीस घाल. टायरला घालतो तेवढीच. जास्त नको."

एक गोष्ट मी मात्र सोडली नाही. दाबाखालचं काहीही असलं की चष्मा. तीन आठवडे आमच्या घरात चाचणीच्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांवर कारखान्यातले जाड पारदर्शक चष्मे असत. परात गेल्यामुळे बायको पातेल्यात कणीक मळत होती, तीही चष्मा लावून. लॉगबुकही मीच दिलं. कोरी वही, चार रकाने आखून. ते तिने विनातक्रार घेतलं. वरची अक्षरं मराठीत होती, ती तिने एकेक लावून वाचली: तारीख, काम, कोणी केलं, परवानगी.

पहिल्या चाचणीच्या आधी तिने विचारलं, आणि या वेळी खरंच विचारलं, "बाबा, बॉडी किती फिरेल?"

"शून्य," मी म्हणालो. "जोर टोकाला आहे. धडावर पीळ येतच नाही. शून्य."

कॉक उघडला. नळ्यांचं नुसतं गोल झालं, बारीक शिट्टी वाजली, आणि बाटली सावकाश, अगदी निवांतपणे वळायला लागली. उलटी नाही. नळ्या ज्या दिशेला, त्याच दिशेला. दहा-बारा सेकंदांत हवा संपली तोवर बाटलीवरच्या खुणेने चौदा रेघा ओलांडल्या होत्या.

"शून्य?" ती म्हणाली.

मी म्हटलं परात समपातळीत नाही. स्पिरिट लेव्हल आणली, होती समपातळीत. म्हटलं एसीची हवा लागते. एसी बंद केला. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. घामाने चष्मे धुरकटले, बाटली वळलीच. म्हटलं तू कॉक उघडताना हाताचा धक्का लागतो. तिने कॉकला दोरा बांधून लांबून ओढला. वळलीच. बायको दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "अहो, ती फिरतेय. फिरू दे ना तिला."

दोन दिवसांनी मी कामावरून आलो तर बूट काढायच्या आधीच मुलगी समोर उभी. "बाबा, तुझ्या पंपाचं बेअरिंग गरम का होतं?"

"घर्षण."

"मग? हा जॉइंट पण घासतो ना. रोटर जाताना बॉडीला थोडं थोडं सोबत ओढतो. सेम डिरेक्शन."

मी एक बूट हातात धरून उभा राहिलो. चोवीस वर्षं मी ज्याच्यावर पोट भरतो, तेच मी 'शून्य' म्हणताना विसरलो होतो. कागदावरच्या हेलिकॉप्टरात बेअरिंग घासत नाही. ते एवढंसं वळणं त्या जुन्या यंत्रांतही असणारच. त्यांना शेपटीचा पंखा नको होता, तरी मागे छोटं सुकाणू का होतं, त्याचा एक धागा इथेही लागत होता.

"बरोबर," मी म्हणालो. मग माझ्याने राहवलं नाही. "पण जॉइंटच ओढतो कशावरून? फिरणाऱ्या नळ्या भोवतालची हवा ढवळतात, ती हवाही बाटलीला ढकलत असेल."

ती विचार करत आत गेली. तिने दहा चाचण्या घेतल्या, दर वेळी दाब बत्तीस. सर्वांत कमी एकशे बत्तीस अंश, सर्वांत जास्त एकशे एकावन्न, सरासरी एकशे एकेचाळीस. दहाही नोंदी वहीत. मी लपून बेरीज तपासली. बरोबर होती.

प्रदर्शन गुरुवारी होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. सकाळी बायको तिची वेणी घालत होती आणि मला एकच काम दिलेलं: खोका गाडीत ठेवणे. खोका उचलण्याआधी मी नळीला सहज बोट लावलं. डोकं फिरलं, आणि बोटाला जोडातली खरखर जाणवली. शेजारच्या फळीवर बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती. पुढचं सगळं मिळून चार सेकंदांचं. दोन थेंब, दोन फेरे, फडक्याने टोक पुसलं. डोकं लोण्यासारखं फिरायला लागलं. मला बरं वाटलं. आपण काही केलंय असंही मनात आलं नाही. वहीचा विचारच आला नाही. खोका गाडीत ठेवला.

शाळेच्या हॉलमध्ये पालकांना फितीच्या मागे उभं केलं होतं, टेबलांपासून सहा पावलांवर. परीक्षक बाई दुसऱ्या शाळेतून आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, प्रत्येक तक्ता खरोखर वाचणाऱ्या. आमच्या मुलीने आधी जुन्या हेलिकॉप्टरांची गोष्ट सांगितली, मग शेपटी का नको ते. आवाज स्थिर होता. मग पंपाने हवा भरली, काटा बत्तीसवर आणला, कॉक उघडला.

नळ्या पूर्वी कधी नव्हत्या इतक्या झोकात फिरल्या. बाटली जरा हलली आणि जवळजवळ जागीच राहिली. दोन रेघा. वीस अंश.

बाई तक्त्याकडे आणि परातीकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "बेटा, यहाँ तो एक सौ इकतालीस लिखा है. ये तो बीस हुआ."

तिने पुन्हा हवा भरली. या वेळी अठरा.

मला कारण पहिल्याच वेळी कळलं होतं. मी बोललो तर तो पुन्हा 'पापाज् प्रोजेक्ट', सगळ्या वर्गासमोर. नाही बोललो तर तिच्या दहा खऱ्या नोंदी खोट्या ठरणार, आणि त्यांखाली तिची सही होती. दोन्हींतलं तिला काय जास्त लागेल, हे मला ठरवता येईना. आकड्यांच्या माणसाला असं होतं, की दोन्ही रकाने समोर असतात आणि उत्तर येत नाही. माझा हात अर्धा वर गेला होता.

तेवढ्यात तिने जोडाला बोट लावलं. बोट अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं. आणि वळून, फितीवरून, भर हॉलमध्ये मराठीत विचारलं, "बाबा, तेल घातलंस?"

"दोन थेंब," मी म्हणालो. "सकाळी."

"आणि लिहिलं नाहीस?"

"नाही."

बायको शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "झालं!"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "क्या हुआ? ये कौन हैं?"

"मेरे पापा हैं, मैम. प्लांट में बेअरिंग देखते हैं. इनसे रहा नहीं जाता."

हॉल हसला. मीही हसण्याचा प्रयत्न केला. ती हसत नव्हती. तिचे कान लाल झाले होते, आणि ती परातीकडे बघत होती. मग म्हणाली, "मैम, पाँच मिनट मिलेंगे?"

डोकं काढून ती हॉलबाहेर पळाली. कँटीनमधून भांड्यांचा साबण घेतला असावा. परत आली तेव्हा फ्रॉकला हात पुसत होती. जोड रुमालाने कोरडा केला, फुंकर घातली, बसवला. हवा बत्तीस. कॉक.

बाटली वळायला लागली. सावकाश, निवांत. मी रेघा मोजत होतो, बायकोही मोजत होती, आणि मागच्या एका केरळी बापाने मोठ्याने मोजायला सुरुवात केली होती. एकशे अठ्ठावीस.

"एक सौ इकतालीस नहीं आया," बाई म्हणाल्या.

"थोड़ा तेल अंदर रह गया होगा, मैम. पर देखिए," आणि आता तिचा आवाज परत आला होता, "हवा वही, नली वही, पानी वही. सिर्फ तेल बदला. अगर रोटर की हवा धक्का देती, तो तेल से फर्क नहीं पड़ता. मतलब जॉइंट ही खींचता है. ये मेरे पास घर पे प्रूव्ह नहीं हो रहा था."

बाईंनी काहीतरी लिहिलं. आमच्या फितीपाशी येऊन मला म्हणाल्या, "आपने तो मदद कर दी," आणि तिच्या टेबलाकडून आवाज आला, "नहीं मैम, इन्होंने बताया नहीं था. वो मदद नहीं होती."

दुसरा क्रमांक मिळाला. पहिला एसीच्या पाण्यावर भाजी वाढवणाऱ्या दोन मुलांना गेला, आणि त्यांची भाजी खरंच चांगली होती. गाडीत ती मागे बसली, परात मांडीवर. चाचांच्या दुकानापाशी पंप परत द्यायला थांबलो तेव्हा चाचा खिडकीशी आले.

"काय पोरी, गरगरलं की नाय?"

"दोनदा नाही, एकदा हो," ती म्हणाली. "बाबांना विचारा."

घरी आल्यावर तिने माझ्यासमोर वही ठेवली आणि वर पेन ठेवलं. "एन्ट्री."

मी लिहिलं. तारीख. काम: रोटरच्या जोडात शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. कोणी केलं: मी. चौथ्या रकान्याशी पेन थांबलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं. इंग्रजीत चार ओळी ती मिनिटात लिहिते, पण देवनागरीला तिला वेळ लागतो. जीभ दातांत धरून, अक्षर अक्षर काढत तिने 'परवानगी'खाली लिहिलं: नव्हती. शब्दावर शिरोरेघ मारली, खाली सही केली. मग वही पुढे ओढून त्याच पानावर त्या दिवसाच्या तीनही चाचण्या मांडल्या: वीस, अठरा, एकशे अठ्ठावीस.

"आता झालं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

ती पुण्याला गेली त्यालाही आता वर्ष होत आलं. बाटली टाकून दिली. परात स्वयंपाकघरात परत गेली. स्प्रिंकलरचं डोकं फळीवर आहे, तेलाच्या बाटलीच्या शेजारी, बायकोने मुद्दाम तिथे ठेवलेलं. जाता-येता मी त्याला बोट लावतो. खरखर वाढलीये. शुक्रवारी फोनवर मुलगी आधी आईशी बोलते, मग मला मागून घेते.

"बाबा, तेल?"

"नाही घातलं."

"वही दाखव."

मी वही कॅमेऱ्यासमोर धरतो. शेवटची नोंद अजून तीच आहे.